बीपीची गोळी

"कुणी विचारलंच तर काय सांगायचं?"

आप्पांनी एसटीच्या खिडकीतून हात आत घालून माझा दंड धरला होता.

"बीपीची गोळी आहे म्हणून सांगायचं."

"आणि येताना मिरजेला का उतरणार?"

"बीपी तपासायला."

"हां. तेवढंच बोलायचं. तुझी एकदा टकळी सुरू झाली की थांबत नाही, म्हणून सांगतोय. माझी शप्पथ आहे तुला."

टकळीचं खरं होतं. घरात माझी कीर्ती तीच होती, म्हणून तर आप्पा तासगावच्या स्टँडवर मला शाळेतल्या पोरासारखं घोकून घेत होते. पंचमी जवळ आली होती. आमच्याकडे पंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात, आणि मुऱ्हाळ्याचा बहिणीच्या सासरी मोठा मान असतो. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर आईनं केलेल्या तंबिटाच्या लाडवांचा डबा होता. जतला पोचल्यावर बहिणीच्या सासूच्या, अक्कांच्या हातची आमटी मिळणार म्हणून सकाळी मुद्दाम अर्धपोटीच निघालो होतो. बावीस वर्षांचा होतो, भूकही तशीच होती.

गोळी बीपीची नव्हती.

शैलाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्नाच्या दोन-अडीच वर्षं आधी तिला एक आजार झाला. सुरुवातीला ती फार आनंदात आली. ऐकायला हे बरं वाटतं. ती बालवाडीत शिकवायची. एके दिवशी पहाटे तिनं घरोघरी जाऊन पोरं उठवली आणि त्यांची मिरवणूक काढून बाजारातून फिरवली. मग तिची झोप उडाली. आईच्या पाटल्या तिनं भांडीवालीला देऊन टाकल्या, का तर ती गरीब आहे. कुणाच्या तरी प्रचारसभेत स्टेजवर चढून भाषण ठोकलं. भाषण चांगलं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि आप्पा गर्दीत मागे उभे राहून रडले. त्यानंतर ती जी पडली ती भिंतीकडे तोंड करून काही महिने पडूनच राहिली. आई तिचे केस ती झोपलेली असतानाच विंचरायची.

मिरजेच्या सबनीस डॉक्टरांनी तिला लिथियमची गोळी सुरू केली. गोळीनं जादू वगैरे केली नाही. हळूहळू, उठवून बसवावं तसं तिला आमच्यात परत आणून बसवलं. ती जेवायला लागली, भांडायला लागली, माझ्या चपला लपवायला लागली. त्याची किंमतही गोळीनं घेतली. सारखी तहान, तोंडात पितळेची चव, हाताला बारीक कंप. कप उचलला की चहा बशीत सांडायचा. पोलकी उसवून सैल करावी लागली तेव्हा ताई म्हणाली, "वेड गेलं आणि वजन आलं. सौदा वाईट नाही."

दर तीन महिन्यांनी मी तिला रक्त तपासायला न्यायचो. औषध रक्तात कमी पडलं तर आजार उलटतो, जास्त झालं तर ते अंगाला बाधतं, मधली जागा फार थोडी असते. हे सगळं तिच्या सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना आप्पांनी बीपी सांगितलं होतं. गोळ्या पाकिटातून काढून बीपीच्या जुन्या बाटलीत भरलेल्या असत.

जतच्या मार्केट यार्डासमोर अक्कांची खानावळ होती. अक्का म्हणजे ताईची सासू. सगळा यार्ड त्यांना अक्काच म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. अंगानं भरलेल्या, आवाज हमालाला दबकवणारा, आणि हाताला अशी चव की आडत्यांची मुलं घरचा डबा टाकून इथं जेवायला बसत. नवरा फार पूर्वी गेला होता. एकुलत्या हणमंताला त्यांनी भाकऱ्या थापून वाढवलं. ताई त्या घरात गेली तेव्हा आई धास्तावली होती. पण पहिल्या माहेरपणाला आलेली ताई म्हणाली, "आई, तू मला कधी एवढं लाडानं उठवलं नाहीस." आईला राग आला आणि आनंदही झाला.

मी खानावळीत शिरलो तेव्हा दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती.

"आला बघा मुऱ्हाळी!" अक्का चुलीपासूनच ओरडल्या. "किती वाट बघायची रं? काल येणार होतास न्हवं? ये, आधी इकडं ये." त्यांनी आमटीच्या पातेल्यातून पळीभर आमटी वाटीत ओतून माझ्यापुढे केली. "मीठ बघ."

"मी? तुमच्या आमटीचं मीठ मी बघायचं?"

"बघ की. मला कळंना झालंय. मी मीठ सोडलंय."

"कशासाठी? नवस बोललात काय?"

"नवस न्हवं. शैलजासाठी." त्या पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "आमच्या गल्लीतल्या मास्तरला लकवा मारला. धडधाकट माणूस, सकाळी अंघोळ करून आला आणि दारातच पडला. बीपी होतं म्हणं. मीठ लई खायचा. मला तर धडकीच भरली. घरात बीपीची सून, आणि मी तिला शेंगाची चटणी काय, पापड काय, वाढतीय! त्या दिवसापासनं तिचं मीठ बंद. सगळं अळणी. येगळं शिजवती मी तिचं, माझ्या हातानं."

"आणि तुमचं?"

"पोरीनं एकटीनंच अळणी गिळायचं आणि मी समोर बसून आमटी वरपायची? माझ्या घशाखाली उतरंल व्हय? मी पण सोडलं. दोघी मिळून खातो." आणि हसून म्हणाल्या, "आता हितल्या आमटीचं मीठ कधी आडत्याला इचारती, कधी हमालाला. कोण खारट म्हणतंय, कोण अळणी म्हणतंय. गिऱ्हाईक तुटायच्या आत डोस्कं ठिकाणावर यायला पायजे."

वाटी माझ्या हातात तशीच राहिली. मीठ, मीठ असं काहीतरी माझ्या डोक्यात वाजायला लागलं होतं, पण नीट आठवत नव्हतं. तेवढ्यात मागच्या दारातून ताई आली.

ती भिंतीला हात लावून येत होती. पाय फाकवून, एकेक पाऊल चाचपत. मला बघून तिनं हात वर केला तर तो हात थडथडा उडत होता. तिच्या हाताचा नेहमीचा कंप मला पाठ होता. तो हा नव्हता.

"ज-यू," ती म्हणाली. जीभ जड झाली होती.

"चार दिस झालं, पोट बिघडलंय तिचं," अक्का म्हणाल्या. "उलट्या, जुलाब. डॉक्टरनं पुड्या दिल्यात. अशक्तपणा हाय दुसरं काय. माहेर म्हटलं की बघ कशी टुणटुणीत होती ती." आणि त्यांनी तिला धरून पाटावर बसवलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. आई तिला आजारपणात जसं करायची अगदी तसं.

दोन ताटं आली. एक ताईचं, एक अक्कांचं. वरणभात, भोपळ्याची भाजी, भाकरी. मीठ कशातच नव्हतं. ताईला घास उचलता येईना. अक्कांनी भात कालवून तिला भरवायला सुरुवात केली, "खा गं बाय, एवढा खा," म्हणत.

आणि मला सबनीस डॉक्टर आठवले. ते समजावून सांगण्यातले डॉक्टर होते. पहिल्याच दिवशी आई, ताई आणि मी समोर बसलेले असताना ते म्हणाले होते, "ही गोळी म्हणजे एका जातीचा क्षार आहे. मिठाचा लांबचा भाऊ म्हणा. मूत्रपिंडाला या दोघांतला फरक नीट कळत नाही. जेवणातलं मीठ तुटलं, की ते या दुसऱ्यालाच धरून ठेवतं, बाहेर सोडत नाही. गोळी तेवढीच असते, पण अंगात साठत जाते आणि तिचंच विष होतं. म्हणून मीठ नेहमीसारखं खायचं, पाणी भरपूर प्यायचं, कडक उपवास नाहीत. उलट्या-जुलाब झाले, तोल जायला लागला, बोबडी वळली, तर गोळी थांबवायची आणि तडक माझ्याकडे यायचं."

"मीठ खायचं हेपण औषधच का?" आईनं हसून विचारलं होतं.

 भूक कुठल्या कुठे गेली. "ताईला जरा आत नेतो, तिची बॅग भरायची आहे," असं काहीतरी पुटपुटून मी तिला उठवलं.

आतल्या खोलीत तिला कॉटवर बसवलं आणि दार लोटलं.

"गोळी चालू आहे अजून?"

"रोज." ती सावकाश, एकेक शब्द उचलत बोलत होती. "एकपण चुकवली नाही." हे तिनं अभिमानानं सांगितलं. गोळी चुकवायची नाही असं तिनं आईला वचन दिलं होतं.

"आणि मीठ बंद! तुला ठाऊक होतं की ताई. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं."

"ठाऊक होतं. पहिल्यांदा चोरून खाल्लं. डब्यातला खडा तोंडात टाकायची, पाणी प्यायची." ती थोडी हसली. "मग अक्कांनी पण सोडलं. माझ्यासाठी सोडलं रे. त्या समोर बसून अळणी खाणार, आणि मी मागं जाऊन चोरायचं? मला नाही जमलं."

"मग सांगून टाकायचं! दाजींना तरी."

"काय सांगू?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते पुसायला हात तिच्या ताब्यात नव्हता. "जयू, इथं मला कुणी वेडी म्हणून बघत नाही. मी हसले तर हसले म्हणतात. चिडले तर चिडले म्हणतात. घरी मी जरा मोठ्यानं हसले की तुम्ही सगळे एकमेकांकडं बघता."

हे खरं होतं. आम्ही बघायचो.

"तू मला घेऊन चल," ती म्हणाली. "मुऱ्हाळी आलाय म्हटल्यावर कुणी अडवणार नाही. एसटीनं जाऊ, मिरजेला उतरू, डॉक्टरांना दाखवू. इथं काही बोलू नको. आप्पांनी शप्पथ घातलीय ना तुला? मलापण घातलीय."

तिनं उशाशी ठेवलेल्या तांब्याला हात घातला. तो तिच्या हातून निसटला आणि सगळं पाणी कॉटवर सांडलं. ती त्या ओल्याकडे बघत राहिली. हे काय झालं ते तिला जणू कळलंच नाही. एसटी तिसऱ्या प्रहरी होती. वाटेत कवठ्याला थांबणार, मिरजेला पोचेपर्यंत दिवस मावळणार. मला आप्पांची शप्पथ आठवत होती, आणि आप्पा तिथे असते तर त्यांनीसुद्धा ती मोडली असती याची मला खात्री होती. मी मागच्या दारानं बाहेर पडलो.

दाजींचं मोटर रिवायंडिंगचं दुकान शेजारीच होतं. हणमंतदाजी म्हणजे अक्कांच्या अगदी उलट. दिवसभर तांब्याची तार गुंडाळणार, आणि दिवसभरात दहा वाक्यं बोलणार. मी एका दमात सगळं सांगितलं. बीपी नाही, गोळी कसली आहे, ती का लागते, मीठ बंद केल्यानं काय झालं. दाजींनी हातातली मोटर खाली ठेवली. चिंधीनं एकेक बोट पुसलं.

"बीपी नाही?"

"नाही."

"कधीच नव्हतं?"

"नाही, दाजी."

ते खानावळीच्या दाराकडे बघत उभे राहिले. आतून अक्कांचा आवाज येत होता, कुणाला तरी भाकरी वाढताना त्या चेष्टा करत होत्या.

"अक्काला यातलं काही बोलू नको," ते म्हणाले, आणि जीप बघायला पळाले. दाजींना पळताना मी पहिल्यांदाच बघितलं.

जीप दारात आली तेव्हा अक्काही निघाल्या होत्या. "यार्डाची माणसं जेवायची राहिलीत, तू थांब, उद्या ये," असं सांगून दाजींनी त्यांना थोपवलं. त्या तेवढ्यात आत गेल्या आणि डबा घेऊन आल्या.

"दवाखान्यातलं जेवण खारट असतंय," त्या दाजींना म्हणाल्या. "तिला हेच दे. मऊ भात केलाय, मिठाचा कण न्हाई त्यात. तिथल्या बायांना नीट सांग."

दाजींनी डबा घेतला आणि मिरजेपर्यंत मांडीवर ठेवला. ताईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. ती मध्येच काहीतरी बडबडायची, बालवाडीतल्या पोरांची नावं घ्यायची. वाटेत दाजींनी एकदाच विचारलं, "ही गोळी घेऊन ती बरी होती ना? म्हणजे आमच्याकडे होती ती... तीच खरी होती ना?"

"तीच खरी," मी म्हणालो. 

सबनीस डॉक्टरांनी तिला बघताक्षणी दाखल करून घेतलं. रक्तातलं औषध कितीतरी पटीनं वाढलं होतं, मूत्रपिंडं थकली होती. सलाईन लावलं, मग रक्त शुद्ध करायच्या मशीनवर घेतलं. डॉक्टर आशा सोडा म्हणाले नाहीत आणि धराही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं अक्का आल्या. ताईच्या उशाशी बसल्या, तिचे तळवे चोळायला लागल्या. मग त्यांची नजर वर लटकणाऱ्या बाटलीकडे गेली.

"ह्यात काय असतंय हो बाई?" त्यांनी नर्सला विचारलं.

"सलाईन आहे, आजी. मिठाचं पाणी."

अक्का ताडकन उठल्या. "मिठाचं? अहो, बीपीची बाई हाय ती! काढा आधी ते!" त्यांनी नळीला हात घातला. नर्स ओरडली, मी धावलो, पण आधी दाजींनी त्यांचा हात धरला. अक्का मुलाशी झटापट करायला लागल्या. "हणमंता, अरं मी तीन आठवडे डोळ्यांत तेल घालून मीठ टाळलंय तिचं, आणि ही माणसं धारेनं वततायत! मारतील की रं तिला!"

गडबड ऐकून सबनीस डॉक्टर आले. दाजी अक्कांच्या मागे उभे होते. त्यांनी डॉक्टरांकडे बघून हात जोडले आणि मान हलवली, नको म्हणून. डॉक्टरांनी नळी नीट आहे ना ते बघितलं. मग अक्कांना खुर्चीवर बसवत म्हणाले, "हे वेगळं असतं, आजी. यानं बीपी वाढत नाही. तुम्ही तिच्याजवळ बसा, तिला बरं वाटेल."

"वाढत न्हाई ना? नक्की?"

"नक्की."

अक्का बसल्या. दिवसभर त्यांची नजर ताईवरून बाटलीकडे आणि बाटलीवरून ताईकडे जात होती.

ताई पुन्हा नीट शुद्धीवर आलीच नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी ती गेली. सव्विसावं लागायचं होतं तिला.

निरोप मिळताच तासगावहून आलेले आप्पा व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसले होते. एका रात्रीत त्यांचं वय झालं होतं. दाजी येऊन त्यांच्या शेजारी बसले.  मग दाजींनी विचारलं, "मामा, मला खरं सांगितलं असतं तर मी लग्न मोडीन असं वाटलं तुम्हाला?"

आप्पांनी होय म्हणून मान हलवली.

"बरोबर आहे," दाजी म्हणाले. "मोडलं असतं मी. अक्कानं तर नक्कीच मोडलं असतं." ते थोडा वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले. "पण जगली असती ती. कुठंतरी असती."

आप्पांनी तोंडात पंच्याचा बोळा कोंबला आणि ते आवाज न करता रडायला लागले. दाजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा तो हात मी अजून विसरलो नाही. ज्यांनी आपल्याला फसवलं त्यांच्या पाठीवर त्या दिवशी हात ठेवायला माणूस फार मोठा लागतो, आणि ताईला तसा नवरा मिळाला होता.

उठताना दाजी मला म्हणाले, "आमच्या घरात ती बीपीनं गेली. अक्का आहे तोवर हेच. तुम्हीपण हेच सांगायचं." मला काय सांगायचं ते पुन्हा एकदा पढवलं गेलं. या वेळी शप्पथ घालावी लागली नाही.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. आप्पा गेले, आई गेली, सबनीस डॉक्टरही गेले. अक्कांनी मागे लागून दाजींचं दुसरं लग्न करून दिलं. ती वहिनी चांगली निघाली. तिला भाऊ नव्हता, तर मलाच राखी बांधायला लागली, आणि तिच्या मुलीचा मी मामा झालो. मागच्या उन्हाळ्यात त्या भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून मला आहेर, मला मान, सगळं झालं. जेवणावळी चालू असताना निरोप आला की अक्का बोलावतायत.

अक्का मागच्या खोलीत कॉटवर बसून होत्या. नव्वदीला टेकलेल्या, एवढ्याशा झालेल्या. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण माझं पाऊल ओळखलं.

"जयवंता? ये. दार लोट जरा. बस माझ्याजवळ."

मी बसलो. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"आता माझं काय खरं न्हाई. एक बोलायचं राहिलंय. हणमंताला सांगायला तोंड न्हाई मला, तुला सांगती. तू शैलजाचा भाऊ, तुझा हक्क हाय." त्यांचा तो हमालांना दबकवणारा आवाज आता कानाशी लागल्यासारखा बारीक झाला होता. "तू तिला न्यायला आलास, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पोरगी भिंत धरत धरत माझ्याकडं आली. म्हणाली, अक्का, एक तांब्या ताक द्या, मीठ घालून. एकदाच. मी न्हाई म्हटलं. तर तिनं माझा पदर धरला रं. बारक्या पोरागत. सोडंना. मला बघवलं न्हाई. दिलं मी. चांगलं चिमटीभर मीठ घालून दिलं. घटाघटा प्याली, आणि मला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी तू आलास, आणि तिला नेलं ते नेलंच."

त्या दम घ्यायला थांबल्या.

"तीन आठवडे जपलं, आणि शेवटी माझ्याच हातानं मीठ दिलं. मी मारली तिला. रोज आठवतंय. आज सकाळी नवरीला हळद लावताना पण तेच आठवलं."

 त्या शेवटच्या दिवसांत आम्हा सगळ्यांपैकी कुणी ताईला काही योग्य दिलं असेल तर ते तेवढं तांब्याभर ताक. ते सांगावं असं फार वाटलं. पण ते सांगायचं तर मग बाकीचंही सांगावं लागलं असतं, ते अळणी वरण, तो हातानं भरवलेला भात, तो डबा. एक ओझं काढून दुसरं ठेवायचं, आणि दुसरं जास्त जड.

"अक्का," मी म्हणालो, "मिठानं नाही गेली ती."

"उगं समजूत काढू नको."

"समजूत नाही. सबनीस डॉक्टरांना मी स्वतः विचारलं होतं. त्या ताकानं काहीसुद्धा वाईट झालेलं नाही. उलट तेवढं तिच्या जिवाला बरं वाटलं असेल."

"खरं सांगतोस?"

"अगदी खरं. माझ्या आईची शप्पथ."

अक्कांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा सैल पडला होता. इतक्या वर्षांत तो तसा मी बघितला नव्हता.

"तू म्हणतोस म्हणजे खरंच असणार," त्या म्हणाल्या. "तुमचं घराणंच तसं. आम्ही पोरगी बघायला आलो तवा पोह्याच्या बश्या हातात हुत्या. तुझे आप्पा आपणहून उभे राहिले आणि म्हणाले, पोरीला बीपी हाय, रोज गोळी लागती, मागनं आम्हाला फसवलं म्हणू नका. मी तिथंच हणमंताच्या कानात सांगितलं, दुसरं काय बघू नको, ही माणसं कधी खोटं बोलणार न्हाईत. तेवढ्यावर सून केली मी तिला. व्हय की न्हाई?"

बाहेरून भाची हाका मारत होती, मामा, मामा, फोटोला या.

"हो अक्का," मी म्हणालो.